बाराव्या रंगाखालची रेघ

मी एक भिंत बोलतेय. अनाथाश्रमाच्या जेवणघरातली, न्हाणीघराला पाठ लावून उभी असलेली. दिसते रंगीबेरंगी, पण फसू नका. माझ्या अंगावर रंगाचे अकरा थर आहेत आणि त्यातला एकही मी मागितला नव्हता.

त्याचं असं आहे, आमच्याकडे परदेशातून एकेका दिवसासाठी स्वयंसेवक येतात. मनाने चांगली असतात हो पोरं, खोटं कशाला बोलू? पण दिवसभरात त्यांना काम काय द्यायचं, असा प्रश्न पडला की अधीक्षक बाई माझ्याकडे बोट दाखवतात. झालं! कुणी हसरा सूर्य काढतं, कुणी फुगे. एकाने घाईघाईत हत्तीला पाचवा पाय काढला होता. मग माझ्यासमोर फोटो काढायचे, मुलांचे गालगुच्चे घ्यायचे आणि जायचं. माझ्या पाठीमागचा नळ वर्षानुवर्षं गळतोय, तो कुणाला दिसत नाही. नळासोबत फोटो कोण काढणार?

त्या ओलीने माझ्या रंगाला पोपडे येतात. बाई कपाळाला हात लावतात. पण दाराजवळचे पोपडे मी मुद्दाम काढते, हे आज कबूल करते. कारण तिथे खिळ्याने ओढलेली एक रेघ आहे.

ती ओढली बुटकीच्या आईने. बुटकी म्हणजे आमच्या आश्रमातलीच एक पोर, तेव्हा पाच वर्षांची होती. आईने तिला मला टेकून उभं केलं, डोक्याच्या वर वीतभर जागा सोडली आणि रेघ मारली. "एवढी उंच झालीस ना, की आलेच बघ मी न्यायला." एवढं बोलून ती गेली.

तेव्हापासून रोज सकाळी दात घासले की बुटकी मला टेकून उभी राहते, डोक्यावर हात आडवा धरते आणि वळून बघते. "अजून दोन बोटं!" असं ती हल्ली रोज स्वयंपाकघरातल्या मावशींना ओरडून सांगते.

"ताटात टाकत नको जाऊस, मग वाढशील," मावशी आतूनच म्हणतात.

पण खरं काय ते मला विचारा. तिची पाठ मला टेकलेली असते. गेलं वर्षभर ती गुडघे वाकवून उभी राहते. सरळ उभी राहिली तर डोकं कधीच रेघेच्या वर गेलंय. उंची पुरी झाली आणि आई आलीच नाही, तर काय करायचं? त्यापेक्षा दोन बोटं शिल्लक असलेली बरी. दहा वर्षांच्या पोरीने हे एकटीने ठरवलं. माझा जीव तुटतो, पण मला रडता येत नाही, पोपडे तेवढे येतात.

परवा एक पाहुणी आली. उन्हाने नाक लाल झालेलं, आपली भाषा मोडकीतोडकी. बाईंनी या वेळी रंगासोबत पुट्टीही आणली होती. "दाराजवळची चीर आधी बुजव," त्या म्हणाल्या. रंग मी झाडून टाकेन, पण पुट्टी भरली की रेघ संपलीच.

बुटकी नाश्ता टाकून धावत आली आणि रेघेला पाठ लावून हात पसरून उभी राहिली. "हात लावायचा नाही!"

"अगं, बाजूला हो. ती एका दिवसासाठी आलीय."

"मग एक दिवस बसू दे तिला!"

शाब्बास! मी मनात म्हटलं.

मावशींनी बाहेर येऊन पाहुणीला रेघेची गोष्ट सांगितली. पाहुणी खाली बसली. तिची नजर बुटकीच्या वाकवलेल्या गुडघ्यांवर गेली. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते तिच्या आलं.

"रोज… दुखत नाहीत?" तिने हळूच विचारलं.

बुटकीचे ओठ हलले. मग ती सरळ उभी राहिली. रेघेच्या वर तब्बल तीन बोटं!

"मी कधीच एवढी झाले," ती म्हणाली. "ती आली नाही."

बुटकीने पाहुणीच्या हातातली पुट्टी लावायची पत्र्याची पट्टी घेतली, डोक्यावर आडवी धरली आणि कराकरा नवी रेघ ओढली. मला लागलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

"ही माझी आहे. मीच मला मोजलं."

"मग खालची बुजवायची ना?" बाईंचा आवाज एकदम मऊ झाला होता.

"नाही. दोन्ही राहणार."

पाहुणीने पुट्टीचा डबा बंद केला, माझ्या ओल्या पोपड्यांवरून हात फिरवला आणि नळ कुठे गळतोय ते विचारलं. मग ती दिवसभर पाना घेऊन न्हाणीघरात भिजत होती. संध्याकाळी ती फोटो न काढताच गेली. नळ आता गळत नाही.

मी वाळतेय. यापुढे पोपडे यायचे नाहीत, बारावा रंग बसला की बसला. म्हणून तर आज तोंड उघडलं. पुढच्या पाहुण्यांनो, ब्रश घेऊन खुशाल या, पण या दोन रेघांना हात लावायच्या आधी बुटकीला विचारा. ती नाही म्हणाली तर नाही.

आणि बुटकीच्या आई, तुम्ही या किंवा येऊ नका. आलात तर तुमची रेघ जागेवर आहे. पण पोरगी त्या रेघेपाशी थांबलेली नाही. आज सकाळी ती मला टेकून उभी राहिली होती, गुडघे सरळ ठेवून.