एकाच बाजूची पायरी

मी एक जुनी पायरी आहे. जिन्याची नव्हे, गाडीची. उंच, दांडग्या गाडीच्या दाराखाली पाय ठेवून चढायला जी लांबलचक फळी असते, ती मी. मित्रांनो, माझी कीव करू नका. मी रडायला आलेले नाही, भांडायला आले आहे.

कारखान्यात आम्ही जुळ्या बहिणी घडलो. ती डाव्या दाराखाली बसली, मी उजव्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूला. गाडी होती गुरांच्या डॉक्टरीणबाईंची. बाई चणीने एवढ्याशा, की गोठ्यावर पोचल्या तरी लोक विचारत, डॉक्टर मागून येताहेत का? चौदा वर्षं त्या माझ्यावर पाय देऊन चढल्या. माझ्यावर बसूनच त्यांनी शेणाने भरलेले गमबूट काढले. घाण सगळी मी अंगावर घेतली आणि लोक म्हणाले, वा, गाडी आतून किती स्वच्छ! गाडी धुतानाही पाणी वरूनच फिरायचं. माझ्या पोटाशी चिखल तसाच.

बाईंचा धाकटा भाऊ अधूनमधून गाडी फिरायला न्यायचा. एकदा चाक पंक्चर झालं, तर या शहाण्याने जॅक चक्क माझ्याखाली लावला! अख्खी गाडी माझ्या कमरेवर उचलली. मी वाकले, रंग तडकला, गंज शिरला. घरी ताईला सांगितलं, दगड लागला. त्या दिवसापासून मी कुरकुरायला लागले. घाव घालणारा नामानिराळा, आणि खोड मात्र माझी.

मग एकदा सर्व्हिसिंगला गाडी त्यानेच नेली आणि मेकॅनिकला सांगितलं, या पायऱ्या उडवा, गाडी म्हातारी दिसते. मेकॅनिकने विचारलं, ताईंना ठाऊक आहे ना? तर म्हणे, ताईला काय कळतंय गाडीतलं.

बहीण मुकाट सुटली. भंगारवाला दारातच होता, तिला घेऊन गेलाही. मी मात्र अडून बसले. तेल सोडलं, हातोडी मारली, पाना दोनदा घसरला. लोक त्याला गंज म्हणतात, मी हट्ट म्हणते. शेवटी दोन बोल्ट तुटले, तिसरा कापावा लागला, तेव्हा कुठे मी जमिनीवर आले.

तेवढ्यात बाई कुणाच्या तरी स्कूटरवरून घाईघाईने गॅरेजात आल्या. एक गाय सकाळपासून अडली होती, वासरू आडवं आलं होतं. त्यांनी दार उघडलं, सवयीने पाय टाकला, तो हवेत. गुडघा दारावर आपटला.

"ताई, हात दे, मी चढवतो," भाऊ म्हणाला.

"आणि परत येताना? गाय देणार का हात?"

मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "ताई, हा दगडाचा मार नाही. हिच्याखाली कुणीतरी जॅक लावलाय."

बाईंनी भावाकडे फक्त पाहिलं. मग मेकॅनिकला म्हणाल्या, "लाव परत. जेवढे बोल्ट बसतील तेवढ्यांवर."

भाऊ पुटपुटला, एकीकडे पायरी, एकीकडे नाही, लोक हसतील.

"हसू देत. ते खाली उभे राहून हसतील, मी वर बसून गाडी चालवीन."

दहा मिनिटांत तीन नव्या बोल्टांवर मी जागेवर होते. वासरू वाचवलं ते बाईंनीच, फुकटचं श्रेय मी घेत नाही. पण बाईंना त्या गोठ्यावर मी उतरवलं, हेही कुणाला खोडू देणार नाही.

आज मी वाकडी आहे, एकटी आहे, वळणावर कुरकुरतेही. पण आहे. मित्रांनो, एखादी वस्तू जुनी दिसते म्हणून काढायला निघालात, तर तिच्या आधाराने जो चढतो त्याला आधी विचारा. न विचारता पाना उचललात, तर सांगून ठेवते, आम्ही सहजासहजी सुटणार नाही.