रमाबाईंची खरी नक्कल

भलत्या वेळी जीभ चालवायची कमलाकांतरावांची खोड जुनीच. अकोल्याला साडू भगवंतरावांच्या भिंतीवर मेहुणीचं चित्र लागलं होतं, मोठ्या चित्रकाराकडून काढवलेलं. साठी उलटलेली बाई त्यात पंचविशीची दिसत होती. त्यांच्या बायको रमाबाई चित्राकडे टक लावून पाहत राहिल्या आणि इकडे हे बोलून बसले, की रमाच्या साठीला मी माझ्या हातानं तिचं चित्र काढून इथेच आणतो. सगळी सासरवाडी हसली. आता आली का पंचाईत! या माणसानं जन्मात साधं वांगं काढलं नव्हतं.

अमरावतीला परतल्यावर त्यांनी गीतांजलीबाईंचा चित्रकला वर्ग गाठला. बाईंची रीत सक्त. आधी जुन्या उस्तादांची रेखाटनं पुस्तकातून हुबेहूब उतरवायची, जिवंत माणूस मग. हे ऐकून कमलाकांतरावांचा जीव भांड्यात पडला. चौतीस वर्षं कोर्टाच्या नक्कल खात्यात काढलेली! तिथला नियम एकच, मूळ कागदात असेल ते सगळं घ्यायचं, पदरचं काही घालायचं नाही. तर पठ्ठ्यानं पहिल्याच चित्रात म्हाताऱ्या साधूसोबत कागदावरचा डाग, घडीची रेघ आणि कोपऱ्यातला संग्रहालयाचा शिक्काही उतरवला. उस्तादानं साधूचा हात चाचपत तीन जागी काढून पाहिला होता, म्हणून यांच्या साधूला तीन हात आले. बाई हसून हसून खाली बसल्या. एकच हात घ्या, म्हणाल्या, तर हे विचारतात, त्यातला खरा कोणता हे ठरवणारा मी कोण?

चार महिन्यांत मात्र हात बसला. बाईंनी माणूस काढायला परवानगी दिली. मग रोज पेपर आडवा धरून, रमाबाई भाजी निवडत असताना, यांनी चोरून चित्र पुरं केलं.

साठीच्या दिवशी अकोल्यात सगळ्यांसमोर चित्रावरचं कापड काढलं. दुसरी हनुवटी होती, नाकाजवळची चामखीळ होती, चष्म्याचे वळ होते, उसवलेली बाहीसुद्धा होती. भगवंतराव उगाच खोकले. चामखीळ तेवढी खोडता येईल, असं मेहुणीनं हळूच सुचवलं. कमलाकांतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासरवाडीत नाक कापलं गेलं ते जाऊ द्या, पण रमाला काय वाटलं असेल?

रमाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि चित्रातल्या डाव्या कानावर बोट ठेवलं. जड कुड्यांनी फाटलेली ती पाळी रमाबाई लग्नापासून केसांखाली झाकत आल्या होत्या. सख्ख्या बहिणीलाही ती ठाऊक नव्हती.

“हे कवा पाह्यलं तुमी?”

“रोजच त दिसते,” कमलाकांतराव पुटपुटले.

रमाबाईंचे डोळे भरून आले. मग त्या एकदम उखडल्या.

“इतकं पाहून राह्यले होते मले, त सांगाचं नाई? मी धड साडी तरी नेसली असती.”