जोडलं की कान काढायचा

"आई, प्लीज, कशालाही हात लावू नकोस!"

आईने कशालाच हात लावला नव्हता. पाण्याचा ग्लास घेऊन ती दारात उभी होती, एवढाच तिचा गुन्हा. तिने ग्लास टेबलाच्या कडेला ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. अकराला तेरा मिनिटं कमी होती.

अकराच्या ठोक्याला परदेशातल्या एका इस्पितळातली तीन माणसं पडद्यावर येऊन मुलीला प्रश्न विचारणार होती. ती अपघातातून उठलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायची, आणि हातात कसब होतं. दोन फेऱ्या पार पडल्या होत्या, ही शेवटची. अशा वेळी माशी शिंकली नाही तर ती माशी कसली! साडेदहाला कोपऱ्यावर रस्ता खणणाऱ्या यंत्राने गल्लीतल्या सगळ्या घरांची इंटरनेटची केबल एका घासात तोडली. मुलीच्या स्वतःच्या फोनला या घरात रेंज नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून आईच्या फोनवर हॉटस्पॉट सुरू केला. लॅपटॉपने तो लगेच पकडलाही. पण नावाखाली एक ओळ येऊन बसली, ती हलायला तयार नव्हती. जोडलेले आहे, इंटरनेट नाही.

"जोडलंय पण म्हणतंय आणि नाही पण म्हणतंय," आई म्हणाली. "हे कसलं गं बोलणं?"

"आई, आत्ता नको ना!"

मुलीने लॅपटॉप बंद करून चालू केला. पासवर्ड पुन्हा घातला. आईचा फोन बंद करून चालू केला. डेटाचं बटण हिरवं होतं, तरी तीन वेळा दाबून पाहिलं. फोनवर बातम्या उघडून पाहिल्या तर तिथेही नुसतं चाक गरगरत होतं. तिची पाचावर धारण बसली होती. काल रात्रीपासून पाठ केलेली उत्तरं तिच्या डोळ्यांतून एकेक करून उडून जाताना दिसत होती.

"नेटवर्कच गेलंय," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "संपलं सगळं."

"काड्या चार दिसतायत की. रेंज गेली असती तर त्या गेल्या असत्या. आण इकडे."

"तुला काय कळणारे त्यातलं?"

इमारतीत आईला सगळे एक्स्चेंजबाई म्हणत. एकतीस वर्षं तिने टेलिफोनच्या बोर्डासमोर बसून काढली होती. कानाला हेडफोन, हातात दोऱ्या, समोर शेकडो भोकं. या गावचा आवाज त्या गावच्या भोकात खोचायचा. ते बोर्ड कधीच भंगारात गेले, पण सवय कुठे भंगारात जाते? आवाज पोचत नसेल तर शेवटच्या टोकाशी झटापट करायची नाही, लाइन निघते कुठल्या भोकातून ते आधी बघायचं, हे तिच्या हाडात मुरलं होतं.

तिने चष्मा चढवला आणि फोनची सेटिंग उघडली. फोनमध्ये दोन सिमकार्डं होती. एक जुनं, नुसतं बोलण्यापुरतं. दुसरं मुलीने गेल्या महिन्यात घातलेलं, इंटरनेटचं. खाली प्रश्न होता, डेटा कोणत्या सिमवर? आणि बरोबरची खूण जुन्या नंबरासमोर होती.

ती खूण तिनेच केली होती. नवं सिम आल्या दिवशीच. आपली सगळी माणसं जुन्या नंबरवर फोन करतात, म्हणून विचारेल तिथे तिने जुनाच नंबर निवडला होता, कॉलला जुना, मेसेजला जुना, डेटालाही जुनाच. घरात केबलचं नेट होतं, त्यामुळे महिनाभर कुणाच्या लक्षातही आलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

आता नुसतं बोट लावायचं होतं. तिचं बोट वरच थांबलं.

अकराला सहा मिनिटं कमी होती. सहा मिनिटं गप्प बसलं की झालं. केबल तुटली, नशीब फुटलं, पुढच्या वर्षी बघू. कुणाला कळणार होतं? शेजारणींसमोर ती मोठ्या तोंडाने म्हणायची, "जाऊ दे की, पोरीला काय बांधून ठेवायचंय?" पण तिला पोरगी जायला नको होती. खरं सांगायचं तर अजिबात नको होती. या दोन खोल्यांत दोघीच होत्या, आणि दोघींतून एक गेली की काय उरतं हा हिशेब तिला कधीच जमला नव्हता.

नोकरीला लागली त्या वर्षी एक कॉल आला होता. माणसाने रडत रडत घरचा नंबर मागितला. त्या घरी काय बातमी जाणार हे तिला कळलं आणि दोरी धरलेला हात असाच थांबला. मागून सुपरवायझर बाई म्हणाल्या होत्या, "आपण जोडायचं. बरंवाईट ज्याचं त्याला. आणि जोडलं की कान काढायचा."

तिने नव्या नंबरावर बोट टेकवलं. हॉटस्पॉट एकदा बंद केला, पुन्हा चालू केला.

"बघ आता."

लॅपटॉपवरची ती ओळ निघून गेली. मुलगी आधी पडद्याकडे आणि मग आईकडे बघत राहिली. "काय केलंस?"

"चुकीच्या भोकात खोचलं होतं, जुन्या सिमवर. मीच. पाणी पी आणि केस नीट कर."

तिने फोन लॅपटॉपशेजारी ठेवला, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून घड्याळाकडे पाहत राहिली. पूर्वी बोर्डावर परगावच्या कॉलच्या तिसऱ्या मिनिटाला "तीन मिनिटं झाली" म्हणून मध्ये तोंड घालायचा तिला हक्क होता. तीन मिनिटं झाली. सात झाली. आतून मुलगी काहीतरी बोलली आणि मोकळेपणाने हसली. उत्तरं परत आली होती तर. आई उठली, तिने नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली, म्हणजे आतलं काही ऐकू येणार नाही.

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. मुलगी येऊन गळ्यात पडली. आईचे हात ओले होते, ते तिने लांब धरून ठेवले.

"दोन महिन्यांत ये म्हणाले," मुलगी तिच्या खांद्यात पुटपुटली.

"थंडीचे कपडे घ्यावे लागतील," आई म्हणाली.

थोड्या वेळाने मुलीने फोन आणून दिला. तो चांगलाच तापला होता. "आई, ते सिमचं परत होतं तसं करून देऊ? तुला जुन्यावर लागतं ना सगळं?"

आईने फोन पदराला पुसला.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझा फोन आता नेटवरूनच येणार ना."