सरचिटणीसांची सायकल

गुणवंत कारखानीस कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. छताला पंखा फिरत असेल किंवा भर दुपारी ट्यूबलाइट चालू असेल, तर चपला काढायच्या आधी त्यांचा हात बटणाकडे जायचा. यजमान त्याच पंख्याखाली घाम पुसत बसलेले असले तरी. "खिडकीतून काय छान वारा येतोय," असं म्हणत ते पंखा बंद करायचे आणि मगच बसायचे. मीरा रोडच्या त्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात त्यांना चहाला शक्यतो कुणी बोलवायचं नाही, ते यामुळेच.

गिरगावातली खोली सोडून कारखानीस पती-पत्नी इथे आले त्याला सहा वर्षं झाली होती. गुणवंतराव एका विमा कंपनीत हेडक्लार्क होते. ऑफिसात साहेब त्यांचं ऐकत नसत आणि घरात मनोरमाबाई. मग त्र्याण्णव साली त्यांनी 'मीरा-भाईंदर इंधन बचत व निर्धूर वाहतूक मंडळ' काढलं आणि स्वतः सरचिटणीस झाले. मंडळाचे सभासद कागदावर अकरा होते, बैठकीला चार यायचे. त्यातल्या एक मनोरमाबाई, कारण बैठक त्यांच्याच हॉलमध्ये असायची.

इंधन बचतीचं काम बरं चाललं होतं. गुणवंतराव वस्तीवस्तीत जाऊन बायकांना समजावायचे, "डाळ आधी भिजत घाला. पातेल्यावर झाकण ठेवा. गॅस निम्मा लागतो." बायका सगळं ऐकून घ्यायच्या आणि मग मनोरमाबाईंकडे बघायच्या. मनोरमाबाई हळूच मान हलवायच्या, म्हणजे सल्ला खरा आहे, पण या माणसाने आयुष्यात डाळ शिजवलेली नाही.

अडलं होतं ते निर्धूर वाहतुकीचं. दोन वर्षांत त्या बाबतीत मंडळाने एक फलक रंगवला होता, बस्स. सहचिटणीस सुचेताबाई हाटकेशला राहायच्या, शाळेत शिकवायच्या. त्या बैठकीला रिक्षाने यायच्या, पण एक गल्ली अलीकडे उतरून चालत यायच्या. सगळ्यांना ते ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं.

पंचाण्णवच्या सप्टेंबरात सुचेताबाईंनीच सुचवलं, "आपण कुणाचा तरी सत्कार करूया का? इथल्या डोंगरी गावचे पुंडलिक पाटील आहेत ना, रोज सायकलवर भाजी घेऊन भाईंदरच्या बाजारात येतात. चाळीस वर्षं झाली म्हणे."

गुणवंतरावांना कल्पना भलतीच आवडली. दुसऱ्याच रविवारी ते दोघं बाजारात गेले. पुंडलिक पाटील साठीचे, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. कधीकाळी घरची मिठागरं आणि भातशेती होती, आता थोडी वाडी उरली होती. समोर वांगी, शिराळी मांडलेली, मागे भिंतीला काळी जड सायकल टेकवलेली.

गुणवंतरावांनी हात जोडून पाच मिनिटं भाषण केलं. त्यात प्रदूषण होतं, पुढची पिढी होती, डिझेल होतं. पुंडलिकनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे मना शाल देनार?"

"शाल, श्रीफळ आणि मानपत्र. तुमच्याच गावात येऊन."

"कशानं येनार तुमी?"

"बसने येऊ की."

पुंडलिक हसले. "सायकलीचा सत्कार, आनि तुमी बसनं? तसं न्हाय चालायचं, साहेब. सायकलीवर येवा. मंग मी शाल घेतो."

"अवश्य!" गुणवंतराव म्हणाले. "दसऱ्यानंतरच्या रविवारी मी स्वतः सायकलने येणार."

सुचेताबाईंना ते ऐकून भरून आलं. परतताना गुणवंतराव मात्र गप्प गप्प होते. त्याचं कारण घरी गेल्यावर, जेवून झाल्यावर, त्यांनी मनोरमाबाईंना सांगितलं.

"मला सायकल येत नाही."

मनोरमाबाई ताटं उचलत होत्या, त्या थांबल्या. "म्हणजे? निर्धूर वाहतुकीच्या सरचिटणीसांना?"

"गिरगावात कुठे शिकणार? सगळीकडे चालतच जायचो आम्ही." ते कळवळून म्हणाले. "आता लोकांना काय तोंड दाखवू?"

मनोरमाबाईंनी ताटं खाली ठेवली आणि खुर्चीत बसून पोटभर हसून घेतलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मी शिकवते."

"तू?"

"वडिलांची बदली सांगलीला होती ना. चार वर्षं सायकलवरून कॉलेजला जात होते मी. मागे मैत्रीण बसवून."

"सव्वीस वर्षांत कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही मला डाळ भिजवायला शिकवत होतात."

तेव्हा मीरा रोडला बिल्डरांनी कितीतरी ठिकाणी रस्ते आधी करून ठेवले होते, इमारती मागाहून यायच्या होत्या. असाच एक रिकामा, गुळगुळीत रस्ता सरळ जाऊन खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, संपायचा. तिथे शनिवार-रविवारी दुपारी धडे सुरू झाले. भाड्याने सायकल देणाऱ्या दुकानदाराने पहिल्याच दिवशी विचारलं, "अंकल, बच्चे के लिए छोटी साइकल दूँ?" गुणवंतराव म्हणाले, "हमारे लिए ही चाहिए." दुकानदाराने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि सगळ्यात जुनी सायकल काढून दिली.

मनोरमाबाई पदर खोचून मागून सीट धरायच्या आणि धावायच्या. "खाली बघू नका, समोर बघा! हँडल इतकं आवळू नका, ते कुठे पळून जात नाहीये!" पहिल्या दिवशी गुणवंतराव चार वेळा पडले, दुसऱ्या दिवशी सहा वेळा, त्यातल्या एका वेळी खाजणात. ऑफिसात त्यांनी कोपराच्या पट्टीचं कारण बाथरूममध्ये घसरलो असं सांगितलं.

तिसऱ्या शनिवारी मात्र गंमत झाली. सायकल सरळ चालली होती, मागून सूचना येत होत्या, आणि अचानक गुणवंतरावांच्या लक्षात आलं की सूचना फार लांबून येताहेत. मनोरमाबाईंनी केव्हाच हात सोडला होता. त्यांनी वळून पाहिलं आणि अर्थात पडले, पण उठले ते हसत. बावन्नाव्या वर्षी त्यांना इतका आनंद कुठल्याच बढतीने दिला नव्हता. मनोरमाबाई धापा टाकत आल्या आणि त्यांच्या केसांतलं गवत काढत म्हणाल्या, "बरं चालवता हो तुम्ही." लग्नानंतर त्यांनी नवऱ्याची अशी उघड स्तुती पहिल्यांदाच केली असावी.

एक धडा राहून गेला. उतरायचं कसं, याला वेळच मिळाला नाही. गुणवंतराव आजवर पडूनच उतरत आले होते.

सत्काराच्या रविवारी सकाळी दोघं रेल्वेच्या फाटकापर्यंत सायकली हातात धरून गेले आणि भाईंदर पश्चिमेहून स्वार झाले. मनोरमाबाईंनी लेडीज सायकल घेतली होती. मुर्धा, राई, मोर्वा मागे पडले. दोन्ही बाजूंना मिठागरांचं पाणी चमकत होतं. ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं, तरी गुणवंतराव गुणगुणत होते. शाल आणि नारळ घेऊन सुचेताबाई मागून येत होत्या. रिक्षाने. आज मात्र गल्ली अलीकडे उतरायची सोय नव्हती.

डोंगरीत पाटलांच्या अंगणात छोटा मांडव घातला होता. चाळीसेक माणसं जमली होती. गुणवंतराव दिमाखात अंगणात शिरले, टाळ्या पडल्या, त्यांनी मान लववली आणि मांडवाला वळसा घातला. मग दुसरा घातला. तिसऱ्या वळशाला टाळ्या थांबल्या आणि कुजबुज सुरू झाली.

"साहेब, उतरा की!" पुंडलिक ओरडले.

"उतरता येत नाही!" गुणवंतराव जाता जाता म्हणाले.

चौथ्या वळशाला पुंडलिकनी पुढे होऊन एका हाताने कॅरिअर आणि दुसऱ्याने गुणवंतरावांचा दंड धरला आणि त्यांना अलगद जमिनीवर आणलं. सगळं अंगण हसत होतं. मनोरमाबाई तोवर एक पाय टेकवून झोकात उतरल्या होत्या.

श्वास जाग्यावर आल्यावर गुणवंतरावांना आंब्याखाली एक नवी कोरी मोपेड दिसली. हँडलला झेंडूची माळ होती.

"ही कुणाची?"

पुंडलिक नारळाकडे बघू लागले. उत्तर त्यांच्या बायकोने, रुक्मिणीबाईंनी दिलं. "त्येंचीच. गुडगं गेलं त्येंचं. सुयोगनं, पोरानं, दसऱ्याला घेऊन दिली. आता भाजी हिच्यावरच नेतान."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी बाजारात आलात तवा गाडी सांगून ठेवलीच होती," पुंडलिक ओशाळून म्हणाले. "पन तुमचं मन मोडवना. बोललो सायकलीवर येवा. वाटलं, हा सायेब काय यायचा न्हाय."

मानपत्राचा कागद गुणवंतरावांच्या खिशात होता. 'आजन्म धूर न सोडणारे तपस्वी' असं त्यात दुसऱ्याच ओळीत होतं. त्यांनी कागद काढला, मोपेडकडे पाहिलं, आणि घडी परत खिशात घातली. आठ किलोमीटर सायकल मारून त्यांचे स्वतःचे गुडघे थरथरत होते. त्या थरथरीने त्यांना जे शिकवलं ते दोन वर्षांच्या भाषणांनी शिकवलं नव्हतं.

"मंडळी," ते म्हणाले, "मी एकदाच आलोय आणि माझे पाय लटपटताहेत. पाटील चाळीस वर्षं भाजीचं ओझं घेऊन रोज गेले आणि आले. आजचा सत्कार त्यांच्या गुडघ्यांचा. आता त्यांना विश्रांती मिळायलाच हवी."

मंडळाच्या इतिहासातलं हे सगळ्यात लहान भाषण. टाळ्या मात्र थांबेनात. पुंडलिकनी शाल अंगावर घेतली, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "खांद्यावं कशाला? गुडग्यावं घाला ती!" आणि पुन्हा हशा पिकला.

परत जाताना गुणवंतराव सायकलसकट टेम्पोत बसले, केळ्यांच्या घडांवर. या गोष्टीचा उल्लेख अहवालात नाही. मनोरमाबाई मात्र सायकलनेच घरी आल्या, आणि त्यांना रस्त्यात ज्या ज्या बायकांनी पाहिलं, त्यांनी पुढच्या आठवड्यात त्यांचं दार ठोठावलं. पहिल्या तिघींत सुचेताबाई होत्या. खाजणाच्या रस्त्यावर दुपारी बायकांची रांग लागू लागली. वर्षभरात एकोणीसजणी शिकल्या, त्यातल्या काही बाजारहाटही सायकलवर करू लागल्या. एवढं काम गुणवंतरावांच्या एकाही भाषणाने झालं नव्हतं, आणि ते स्वतःच हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे.

पुढच्या वार्षिक सभेला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मंडळाच्या अध्यक्षपदासाठी मनोरमाबाईंचं नाव गुणवंतरावांनीच मांडलं, सुचेताबाईंनी अनुमोदन दिलं, आणि ठराव एकमताने मंजूर झाला. सभा संपल्यावर बायका सायकली काढून गप्पा मारत निघून गेल्या, अध्यक्षांसकट. मागे राहिलेले पंचवीस कप गुणवंतरावांनी विसळून ठेवले, आणि मग सभेचं इतिवृत्त लिहायला बसले.