वाऱ्यातला ओळंबा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक दोरी मनात आणा. उंचावरून खाली सोडलेली. तिच्या खालच्या टोकाला मुठीत मावेल एवढा, भोवऱ्यासारखा निमुळता, पितळी गोळा बांधला आहे. दिसला? तोच मी. मी गवंड्याचा एक जुना ओळंबा आहे.

मला फार गोष्टी येत नाहीत. लिहिता येत नाही, मोजता येत नाही. सरळ खाली लटकणं तेवढं येतं. पण या एका गोष्टीत माझा हात धरणारा कोणी नाही. घर कितीही मोठ्या माणसाचं असो, भिंत वाकडी असेल तर मी वाकडीच दाखवतो. ओताऱ्याने मला साच्यात ओतलं, कानशीने घासून गुळगुळीत केलं आणि म्हटलं, "जा बाबा, कोणाची भीड ठेवू नकोस." तेव्हापासून मी ठेवलेली नाही.

ओताऱ्याकडून मला एका तरुण गवंड्याने विकत घेतलं. पुढे सगळे त्याला मिस्त्री म्हणू लागले. अवजारांत थापीचं कौतुक होतं, करणीचंही होतं, पण मिस्त्री जेवायला बसले की मांडीजवळ मलाच ठेवत. वाऱ्याच्या दिवशी ते माझ्याखाली पाण्याची बादली ठेवायचे आणि मला त्यात बुडवायचे. याला ते 'ओळंब्याला पाणी पाजणं' म्हणत. कारण वारा आला की मी झोके घेतो, आणि झोके घेणारा ओळंबा ज्याला जे हवं ते दाखवतो. पाण्यात बुडलो की माझं डोलणं थांबतं.

मिस्त्रींची नात एका जागी ठरत नसे, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. पण बादली धरायची असली की तीसुद्धा खांबासारखी उभी राहायची.

"आजोबा, याला तहान लागते का?"

"लागते. वाऱ्यात बडबड करतो ना, घसा सुकतो. पाणी पाजलं की खरं बोलतो."

मग दिवस फिरले. टेकाडावर नवीन घरांची रांग उठू लागली, पण ठेकेदाराने मिस्त्रींना बोलावलंच नाही. त्याला पलीकडून आलेली माणसं मिळाली होती. सीमेच्या पलीकडून, कागदपत्रांशिवाय, रिकाम्या हाताने आलेली. ती निम्म्या मजुरीत काम करत. मी जिन्याखालच्या पेटीत गेलो. माझ्या अंगावर हिरवट डाग चढले आणि दोरीची उंदराने चव घेऊन पाहिली.

पेटीचं झाकण मोडकं होतं, त्यामुळे घरातलं बोलणं मला ऐकू येई. मिस्त्रींची धाकटी बहीण कोपऱ्यावर खानावळ चालवत असे. भिंगरी तिला आत्याआजी म्हणे. दोघा भावंडांचा रोज वाद व्हायचा.

"आमच्या पोटावर पाय आणलाय त्यांनी," मिस्त्री म्हणायचे. "विचारायला गेलो तर ठेकेदार म्हणतो, निम्म्यात करत असाल तर या. निम्म्यात करू आणि निम्मं जेवू?"

"आणि माझी खानावळ कोणाच्या जिवावर चालते, दादा? तू तर फुकट जेवून जातोस, वर मीठ कमी म्हणतोस. वरची खोली इतकी वर्षं उंदरांना भाड्याने दिली होती. आता माणूस राहतो, भाडं देतो."

"तुझी खोली भरली, पण गल्लीतली भाडी चढली त्याचं काय? शिवाय कागद नाहीत म्हणजे मजुरीवरचा कर नाही. तो बोजा कोणावर?"

"साबण घेतो तेव्हा दुकानदार त्याला साबणावरचा कर माफ करतो वाटतं?"

"अगं, घरात यायचं तर दार ठोठावून यावं! खिडकीतून आलेल्याला पाहुणा म्हणत नाहीत."

भिंगरी पायरीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आजोबा, मजुरी निम्मी झाली, मग टेकाडावरची घरंही निम्म्या किमतीत मिळतात का?"

"छे! उलट वाढल्यात किमती."

"मग मजुरीतलं उरलेलं निम्मं कुठे जातं?"

मित्रांनो, त्या दिवशी वाद तिथेच थांबला.

आत्याआजीच्या वरच्या खोलीत राहणारा तो माणूसही गवंडीच होता. गल्ली त्याला पलीकडचा म्हणे. त्याच्याकडे ओळंबा नव्हता, म्हणून त्याने सुतळीला एक गोल दगड बांधला होता. मिस्त्रींनी तो दगड एकदा आमच्या दारासमोरच्या नळावर पाहिला आणि टोमणा मारला, "काय रे, भिंत बांधतोस की आंबे पाडतोस?"

पलीकडचा हसला. "दोन्ही जमतं, मिस्त्री. माझा पितळेचा होता, तो गावी राहिला."

"येताना दार ठोठावायची रीत नाही का तुमच्याकडे?"

त्याचं हसू मावळलं. "ठोठावलं होतं. फार दिवस ठोठावलं. कोणी उघडलं नाही, आणि घरी चूल थांबायला तयार नव्हती."

मिस्त्री बादली भरून निघून गेले.

पुढे टेकाडावरच्या एका घराच्या भिंतीला तडा गेला. घर घेणारं कुटुंब हटून बसलं: एखादा जुना, भरवशाचा गवंडी भिंत तपासून सांगेल, तेव्हाच पुढचं बोलू. ठेकेदार मिस्त्रींच्या घरी आला आणि खुर्चीत ऐसपैस बसला.

"भिंत त्या पलीकडच्याने बांधलीय. वाकडीच असणार. तुम्ही तेवढं सगळ्यांसमोर सांगा, त्याला मी हाकलतो. जास्त बोलला तर त्याला धरून न्यायला सरकारी गाडी बोलावतो. आणि मिस्त्री, रांगेतली उरलेली सगळी घरं तुमची. पूर्ण मजुरीत."

मिस्त्रींनी मला पेटीतून काढलं आणि राखेने घासलं. पितळ पुन्हा चमकलं, पण घासताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

टेकाडावर वारं सुटलं होतं. घर घेणारे नवराबायको, ठेकेदार, आत्याआजी, भिंगरी, सगळे भिंतीपाशी जमले. पलीकडचा बाजूला उभा होता. त्याने आपली पिशवी आधीच भरून आणली होती.

मिस्त्री शिडीवर चढले. भिंतीच्या माथ्यावरून एक फळी पुढे काढून, तिला दोरी बांधून त्यांनी मला खाली सोडलं. वर माझी दोरी भिंतीपासून बरोबर वीतभर लांब होती. खालीही वीतभरच असेल, तर भिंत सरळ. इतका साधा हिशोब. पण मी खाली आलो आणि वाऱ्याने मला उचललं. एकदा भिंतीकडे, एकदा भिंतीपासून दूर.

"बघा, बाहेर आलीय भिंत!" ठेकेदार ओरडला.

"आता आत गेली की!" आत्याआजी म्हणाली. "तुमची भिंत काय पाळण्यात बसलीय?"

कोणी हसलं, कोणी भांडलं. मिस्त्री शिडीवरून उतरून माझ्याकडे पाहत उभे होते. मी दूर झेपावलो असताना त्यांनी 'वाकडी' एवढा एक शब्द उच्चारला असता, तर त्यांना खोटं कोण पाडणार होतं? त्यांचे ओठ हललेले मी पाहिले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला फक्त लटकता येतं.

तेवढ्यात माझ्याखाली काहीतरी आदळलं. पाण्याने भरलेली बादली! भिंगरीने ती सिमेंट कालवायच्या जागेवरून दोन्ही हातांनी ओढत आणली होती. तिचा फ्रॉक भिजला होता.

"आजोबा, तुम्ही याला पाणी पाजायला विसरलात."

ते विसरले नव्हते. मला ठाऊक होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून आत्याआजीलाही कळलं असावं. मिस्त्रींनी नातीकडे पाहिलं. मग ते खाली वाकले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मला पाण्यात सोडलं. मी एकदा डोललो, दोनदा डोललो आणि थांबलो. मिस्त्रींनी बादलीच्या काठाजवळ वीत लावली. अंगठा भिंतीला आणि करंगळी दोरीला टेकली. एका केसाचाही फरक नव्हता.

"भिंत सरळ आहे," ते म्हणाले. आवाज पुन्हा जुन्या मिस्त्रींचा होता. "मी बांधली असती तरी याहून सरळ झाली नसती. तडा घराच्या पायातून वर आलाय. पाया उथळ आहे, आणि तो किती खोदायचा हे ठेकेदार ठरवतो."

"मिस्त्री, तुमचं काम गेलं म्हणून समजा!"

"ते गेलेलंच होतं. या पलीकडच्याने नेलं असं इतके दिवस वाटत होतं, एवढंच." मग ते घर घेणाऱ्यांकडे वळले. "पाया दुरुस्त करावा लागेल. मी आणि हा दोघं मिळून करू. पण दोघांना सारखी आणि पूर्ण मजुरी. कोण स्वस्त पडतो हे शोधायचं कारणच उरायला नको."

"पाया या दोघांनीच दुरुस्त करायचा," घर घेणारी बाई ठेकेदाराला म्हणाली, "नाहीतर घर तुमच्याकडेच ठेवा." ठेकेदार पुटपुटला, पण त्याने मान हलवली.

मिस्त्री पलीकडच्याला म्हणाले, "पिशवी खाली ठेव. आणि उद्या कचेरीत जायचं, कागदांचं विचारायला. दार तुला ठोठावावंच लागेल. यावेळी मी बरोबर येतो, माझा ठोका जरा जोरात असतो."

ते दार अजून उघडलेलं नाही. कोणाला येऊ द्यावं, किती जणांना, कोणत्या नियमाने, यावर मोठी माणसं अजून भांडतात, आणि प्रश्न खरोखरच मोठा आहे. पण मित्रांनो, या जुन्या ओळंब्याचं एक ऐका. वारं सुटलेलं असताना कोणाची भिंत वाकडी ठरवू नका. आधी पाणी आणा. आणि घरात एखादा जुना ओळंबा गंजत पडला असेल, तर त्याला राखेने घासून ठेवा. कधी लागेल, सांगता येत नाही.

त्या दिवशी सगळे पांगले, तेव्हा भिंगरीने मला बादलीतून काढून फ्रॉकला पुसलं आणि आजोबांच्या हातात दिलं. मग तिने बादलीकडे पाहिलं. नव्या भिंतीला रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर ती कच्ची राहते, हे गवंड्याच्या नातीला शिकवावं लागत नाही. तिने ओंजळ भरली आणि पलीकडच्याने बांधलेल्या भिंतीवर पाणी मारायला सुरुवात केली.