नदीपलीकडची तेवा

माझी तेवा मकोना नदीच्या पलीकडे दिली होती. पलीकडे सिएरा लिओन, अलीकडे आमचं गिनी. पण हे फक्त सरकारला ठाऊक. आम्ही दोन्ही काठांवर एकाच किसी जमातीचे. तेवा पलीकडून ओरडायची, "आई, भात वाढू नकोस, आले!" होडी लागेपर्यंत भात गरमच असायचा.

मग इबोला आला. आमच्या दवाखान्यातली देल्फीन दारोदार विचारत फिरली, "परदेशातून कुणी आलं होतं का?"

माझा नवरा फल्ला म्हणाला, "आमच्याकडे परका माणूस फिरकतही नाही."

सगळ्या गावाने तेच सांगितलं. सासूला माती देऊन तेवा नुकतीच येऊन गेली होती, रात्री माझ्या कुशीत झोपली होती. पण पोटच्या लेकीला परदेशी कोण म्हणेल?

काही दिवसांनी पलीकडच्या दवाखान्यातला न्यूमा होडीतून आला. तेवा तापाने पडली होती आणि कुणाकुणाकडे गेली होतीस विचारल्यावर तिने आमचं नाव सांगितलं होतं.

देल्फीन फल्लावर चिडली. "बाबा, मी विचारलं होतं ना?"

"तू परदेशाचं विचारलंस. ह्या न्यूमाची आजी आपल्याच गावची. हा परदेशी?"

न्यूमा म्हणाला, "देल्फीनताई, आता देश नको, गावांची नावं घेऊन विचारू." तेव्हापासून दोघं एकाच होडीतून दोन्ही काठांवर हिंडू लागले. आमच्यावरही नजर ठेवली. आम्हांला काही झालं नाही.

तेवा गेली.

आमच्या घराण्यात लेक माहेरच्या मातीत जाते, आणि तिला आई न्हाऊ घालते. मी निघाले. फल्ला होडी सोडायला गेला, तर देल्फीन आधीच आत बसलेली.

"ऊठ, पोरी," मी म्हणाले.

"नाही उठणार. तिला आणायचं नाही, हात लावायचा नाही. दोन्ही सरकारांनी मिळून ठरवलंय."

"सरकारांना लेकी असतात का गं?"

"मला आहे, मावशी. उद्या मला तुमच्या जागी बसायला लागू नये म्हणून इथे बसलेय."

फल्लाने वल्हं वाळूत फेकलं आणि तो तिथेच खाली बसला.

न्यूमाने तेवासाठी पलीकडे अगदी काठाशी खड्डा खणायला लावला, आम्हांला दिसेल असा. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी तिला आणलं. देल्फीनच्या फोनवर न्यूमाचा आवाज आला, "मावशी, तुम्ही काय म्हणाला असता ते सांगा. मी म्हणतो."

न्हाऊ घालताना आमच्यात घरातल्या गेलेल्या बायकांची नावं घेतात, म्हणजे नव्याने आलेलीला त्या ओळखतात. मी एकेक नाव सांगत गेले. न्यूमा पलीकडे तेच नाव मोठ्याने घेत होता. माझ्या आईच्या नावाशी तो अडखळला.

"मावशी, हे परत सांगा."

मी परत सांगितलं. या वेळी त्याने नीट घेतलं. मग त्यांनी माती लोटली.