येळवशीचा फेरा

शरणबसप्पांनी काठीचे टोक नळदुर्ग किल्ल्यातल्या धरणाच्या दगडावर आपटले आणि पाणीमहालाच्या जिन्यात डोकावून हाक मारली.

"गौरीशंकर, अरे किती वेळ? निघायचं हाय न्हवं?"

"आलोच अप्पा. त्या खिडकीतून नदी बघतायत."

त्या म्हणजे रेनाटे, सुनेच्या आई. नवरा गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच ख्रिसमस. तो जर्मनीतल्या रिकाम्या घरात काढायला नको, म्हणून लेक-जावई त्यांना मुरुमला घेऊन आले होते. विहीणबाईंना करमावे म्हणून शरणबसप्पांच्या पत्नी उमादेवींनी दिवाळीतला आकाशकंदील माळ्यावरून काढून पुन्हा ओसरीत टांगला होता. त्याबद्दल शरणबसप्पांची तक्रार नव्हती. मात्र उद्या पहाटे मंडळी चर्च बघायला गोव्याला निघणार, तेव्हा नळदुर्गचा किल्ला आजच उरकायचा, हे गौरीशंकरचे नियोजन त्यांना साफ नामंजूर होते. आज येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. आजच्या दिवशी गावात माणूस राहत नाही. चूल, माणसे, पाहुणे, सगळे रानात. दोघांना माध्यान्हीच्या आत माघारी आणायचे, म्हणूनच ते सोबत आले होते.

माध्यान्हीला कडब्याच्या कोपीत पूजा व्हायची. मग घरच्या कर्त्याने आंबिलीचे मडके घेऊन, मोठ्याने आरोळ्या देत, पिकावर शिंपडत, बांधाबांधाने सबंध शेताला फेरा घालायचा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर शरणबसप्पांना ढेकळांतून चालवत नसे. तेव्हापासून त्यांनी हे काम बटईने, पिकाच्या वाट्यावर शेत करणाऱ्या सिद्धलिंगकडे सोपवले होते. यंदा मात्र मुलगा, गौरीशंकर, येणार होता. त्या मुलाने फोनवर दोनदा विचारले होते, "अप्पा, शेताचं पुढं काय करायचं? विकायचं का?" दोन्ही वेळा शरणबसप्पांनी विषय बदलला होता. मडके हातात घेऊन एकदा सगळी शीव पायांखालून घातली की पोरगा तिसऱ्यांदा विचारणार नाही, अशी त्यांची खात्री होती. या फेऱ्याची वाट ते गौरी-गणपतीपासून पाहत होते.

रेनाटे वर आल्या. धापा टाकीत त्यांनी इंग्रजीत विचारले, "धरणाच्या पोटात खोली! मग एवढ्या पाण्याचा दाब ही भिंत कशी सोसते?"

शरणबसप्पा तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन पाटबंधारे खात्यात तीस-बत्तीस वर्षे राबलेले. इतक्या वर्षांत घरच्या कुणीही त्यांना भिंतीच्या दाबाविषयी विचारले नव्हते. त्यांनी काठीने मातीत भिंतीचा उभा छेद काढला. पायाची रुंदी दाखवली, चुन्याची जोडणी सांगितली, नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पावसाळ्यात पाणी कसे कोसळते ते हातवारे करून दाखवले. रेनाटे विचारत गेल्या, ते सांगत गेले. छेद पुसून दुसरा काढला.

"अप्पा," शेवटी गौरीशंकर म्हणाला, "तुमीच उशीर होतोय म्हणत होतात."

"तू किल्ला काढला नसता तर झाला असता का उशीर?"

चावी बोटाभोवती फिरवत गौरीशंकर गाडीकडे चालू लागला.

महामार्गावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. पुढे एक ट्रॉली कलंडलेली. ट्रकवाले खाली उतरून तंबाखू मळत उभे होते. शरणबसप्पांनी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली.

"अव्वाला फोन करू का? थांबा म्हणून?" गौरीशंकरने आईला लावायला फोन काढला.

"पूजा कुणासाठी थांबते व्हय? गाडी काढ तू, बाजूनं काढ."

"कुठनं काढू अप्पा? उसावरनं?"

मागे बसलेल्या रेनाटेंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि एका ट्रकवाल्याने हसून दिलेले उसाचे कांडके घेतले. शरणबसप्पांनी तोंड फिरवले. येणेगूरच्या फाट्याला गाडी वळेपर्यंत त्यांनी चारदा घड्याळ पाहिले.

ते शेतावर पोचले तेव्हा ऊन कलले होते. कोपीपुढे पूजा झालेली, उदबत्त्या विझलेल्या. पलीकडून, ज्वारीच्या कडेने, उमादेवी येत होत्या. कासोटा खोचलेला, पाय पोटरीपर्यंत मातीने भरलेले. मागे सून लेना, तिच्या कमरेवर रिकामे मडके आणि दंडावर आंबिलीचे ओघळ.

"फेरा कुणी घातला?" शरणबसप्पांनी विचारले.

"आमीच की दोघींनी. ही पोरगी लई वरडली बगा, पाखरंसुदिक उडाली."

"सिद्धलिंगला बोलवायचं. तो घालतो न्हवं दरसाल?"

उमादेवींनी पदराने कपाळ पुसले. "सिद्धलिंगचं सोताचं रान न्हाय व्हय? आज त्याचीबी येळवस असती की."

"मग इतकी वर्षं?"

"तुमी जेवून कोपीत आडवं झालाव, की मी जायची. सांगून काय? उगं गुडघ्याला बोल लावत बसला असताव."

शरणबसप्पा काठीवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. दरवर्षी ते सिद्धलिंगला दिवेलागणीला नवे धोतर देत आणि तो संकोचून, मान खाली घालून ते घेत असे. त्या संकोचाला ते आजवर विनय समजत आले होते.

"काय झालं?" रेनाटेंनी जावयाला विचारले. गौरीशंकरने बूट काढले, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि लेनाच्या हातून मडके घेतले.

"अव्वा, आंबील हाय ना अजून? अप्पा, मी घालतो फेरा. आत्ता घालतो."

तो वाट पाहत राहिला. कोपीच्या कडब्यातून वारा सळसळत गेला. उमादेवी भज्जीच्या, येळवशीच्या मिसळ भाजीच्या पातेल्यावरचे झाकण काढता काढता थांबल्या.

"नको," शरणबसप्पा म्हणाले. "फेरा झालाय."

मग काठी कोपीला टेकवून, गुडघा सांभाळीत, ते घोंगडीवर बसले आणि आपल्या शेजारची जागा त्यांनी हाताने झाडली.

"तू बस आधी," ते उमादेवींना म्हणाले. "वाढंल कुणीतरी."